निष्कारण पळणाऱ्याची कैफियत

पहाटे फिरायला जाणे हा सेवानिवृत्त माणसाचा मूलभूत हक्क समजला जातो, आणि आमच्या नगरात (सरकारी दप्तरी २०२४ सालापासून अहिल्यानगर) या हक्काची बजावणी आम्ही काही समवयस्क मंडळी भुईकोट किल्ल्याच्या बाजूने, कांद्याचे भाव, मुळा धरणाची पातळी आणि त्या दिवशी गैरहजर असलेल्या सभासदाचे चारित्र्य या तीन विषयांचा क्रमवार परामर्श घेत, कोणतीही घाई न करता करीत असू. याच किल्ल्यात इंग्रज सरकारने पंडित नेहरूंना ऑगस्ट १९४२ पासून मार्च १९४५ पर्यंत डांबून ठेवले होते आणि तेथेच त्यांनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ हा ग्रंथ लिहून हातावेगळा केला. ज्यांना तटाबाहेर पाऊल टाकण्याची मनाई होती त्यांनी आतल्या आत सबंध देश धुंडाळला, आणि तटाबाहेर हवे तितके हिंडण्याची मुभा असलेल्या आम्हां मंडळींच्या हातून विजेच्या बिलाविषयीचा साधा अर्जसुद्धा मुदतीत लिहून होत नाही, यावरून पायांची मोकळीक बुद्धीला फारशी मानवत नसावी, असा आमच्यातील एका निवृत्त मुख्याध्यापकांचा सिद्धांत होता.

ही सुव्यवस्था बिघडली ती पळणाऱ्यांच्या उपद्रवाने. पूर्वी चाळिशी उलटली की माणसाला चष्मा लागत असे. हल्ली त्याला पळण्याचा नाद लागतो. कोपऱ्यावरच्या दुकानातून काडेपेटी आणायची तरी कालपर्यंत जो स्कूटरला लाथ मारी, तोच गृहस्थ एकाएकी पोपटी सदरा आणि गुडघ्याच्या पुष्कळ वर संपणारी विजार परिधान करून आमच्या चर्चेच्या ऐन मध्यातून घुसतो आणि जाता जाता ‘बाजूला, काका’ असा हुकूम सोडतो. या उद्योगाचा विशेष असा, की प्रत्यक्ष पळणे पाऊण तासात आटोपते, परंतु त्याविषयी बोलणे दिवसभर पुरते. लग्नाच्या पंगतीत जिलबीला हात आडवा करून हा गृहस्थ शेजाऱ्याला आपल्या नाडीचे ठोके सांगतो, बारशाला जाऊन बुटांच्या तळव्याची जाडी सांगतो, आणि कुणाच्या दहाव्याला भेटला तरी ‘सध्या डावा गुडघा जरा कुरकुरतो’ ही वार्ता गेलेल्या माणसाच्या वार्तेआधी आपल्या कानी घालतो.

माझा भाचा पुण्यास असतो व याच पंथाचा आहे. श्रावणात एके रात्री त्याचा फोन आला.

“मामा, तुमच्या जिल्ह्यात ज्वालामुखीचं तळं आहे आणि तुम्ही कधी बोलला नाहीत?”

“आमच्या जिल्ह्यात? कुठे?”

“भंडारदरा!”

न्यूझीलंडात रोटोरुआच्या परिसरात ज्वालामुखींच्या कृपेने झालेली सरोवरे आहेत, शेजारच्या तारावेरा पर्वताने तर १८८६ साली फुटून भोवतालची वस्ती राखेखाली गाडली होती, आणि अशा त्या भयंकर मुलुखातील रानवाटांनी हौशी माणसे पदरचे पैसे भरून शंभर-शंभर किलोमीटर पळतात, याचे चलच्चित्र भाच्याच्या पाहण्यात आले होते. आणि तेव्हापासून सपाट डांबरी रस्त्यावर पळणे त्याला कमीपणाचे वाटू लागले होते. माझी सारी नोकरी पाटबंधाऱ्याच्या कागदांत गेली असल्याकारणाने, कोणी विचारो वा न विचारो, इत्थंभूत माहिती देण्याची खोड मला जडलेली आहे. मी त्याला समजावून सांगितले, की सह्याद्रीचा दगड ज्वालामुखीचा हे खरे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडून त्यांतून लाव्हारस वाहिला आणि त्याचे थर साठवणीच्या गोधड्यांप्रमाणे एकावर एक बसत गेले. परंतु तळे त्या ज्वालामुखीने केलेले नाही. ते १९१० साली प्रवरेवर धरणाचे काम काढून १९२६ साली पुरे करणाऱ्या इंजिनियरांनी केलेले आहे. त्या २७० फुटी दगडी भिंतीला मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचे नाव मिळाले, तळ्याला आर्थरसाहेबाचे, आणि पाणी मात्र खालच्या अंगाला संगमनेर-श्रीरामपूरकडच्या उसाला. ज्या लोणारच्या विवराला लोक पिढ्यान्‌पिढ्या ज्वालामुखीचे मुख समजत आले, त्याचा निकालसुद्धा १९७० च्या दशकात उल्केच्या बाजूने लागला. एकंदरीत महाराष्ट्रात दगड ज्वालामुखीचा, खड्डा उल्केचा आणि पाणी सरकारचे, अशी खातेवाटणी असून रोटोरुआसारखे सगळे एकाच छपराखाली मिळणे मुश्किल आहे.

भाचा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “म्हणजे दगड ज्वालामुखीचा आहे ना? मग झालं तर! आणि तुम्हाला इतकी माहिती आहे, तर तुम्हीच चला बरोबर.”

माहिती देणाऱ्यावरच अंमलबजावणी सोपवावयाची, हा सरकारी शिरस्ता घरच्या माणसांनाही ठाऊक असतो हे मला नव्याने कळले. “जा की,” आमची सौभाग्यवती आतून म्हणाली, “तेवढाच माझा एक रविवार सुखाचा जाईल.”

भाच्याच्या पळणाऱ्या मंडळातील झाडून सारे सभासद येणार होते. तसे होकारार्थी अंगठे त्यांनी फोनवर पाठविलेही होते. आदल्या रात्री नऊपासून मात्र त्या अंगठ्यांची माघार सुरू झाली. एकाच्या मुलाला ताप आला, एकाच्या सासूबाई अचानक उतरल्या, एकाची टाच दुखावली, आणि एकाने नुसतेच जोडलेले हात पाठविले, ज्याचा अर्थ नमस्कार, क्षमायाचना किंवा श्रद्धांजली यांपैकी काहीही होऊ शकतो. उरलो आम्ही मामा-भाचे. भाद्रपद सरत आला होता. मध्यरात्र टळल्यावर नगर सोडून संगमनेर, अकोले, राजूर करीत उजाडता उजाडता आम्ही शेंडीला पोहोचलो. आमचा जिल्हा किती ऐसपैस आहे याचा अनुभव अशा प्रवासात येतो. पूर्वेला पाथर्डी-जामखेडकडचा शेतकरी पाऊस मोजावयाला बोटांची पेरे वापरतो, आणि पश्चिमेला घाटघरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस कोसळतो, त्यामुळे कलेक्टरसाहेबांच्या मेजावर टँकरची मागणी आणि अतिवृष्टीचा अहवाल एकाच टपालाने येऊन पडावयाला काहीच हरकत नाही.

शेंडीला भाच्याने सामान चढविण्यास प्रारंभ केला. पाठीवर नळी असलेली पाण्याची पिशवी, कमरेला पट्टा, पट्ट्यात गोड चिकाच्या पुड्या, दंडाला फोन, कानांत बोंडे, पोटऱ्यांना घट्ट मोजे, आणि मनगटावर ते घड्याळ, ज्याला वेळ सोडून बाकी सर्व काही कळते. मी आपला कॅनव्हासचे बूट, मफलर आणि छत्री एवढ्या सरंजामानिशी उभा होतो. मग स्नायू मोकळे करण्याचा विधी सुरू झाला. भाच्याने एका टपरीच्या फळकुटाला दोन्ही तळहात टेकले, एक पाय मागे ताणला आणि सर्व भार पुढे देऊन तो जोर करू लागला. टपरीचा मालक स्टोव्ह पेटवायचे सोडून बाहेर आला.

“पाडता का काय?”

“नाही हो, व्यायाम.”

“मंग त्या मैलाच्या दगडावर करा. तो सरकारी आहे.”

योजना अशी होती, की शेंडीहून मुतखेल, कोलटेंभे, रतनवाडी करीत जलाशयाच्या दक्षिण काठाने जावे आणि साम्रद, घाटघर, उडदावणे, पांजरे, मुरशेत अशी सुमारे चाळीस किलोमीटरांची प्रदक्षिणा पुरी करून पुन्हा शेंडीस यावे. भाचा पळणार होता आणि मी, माझ्या वयाला व छत्रीला अनुसरून, जमेल तितका मागे राहणार होतो. घड्याळाने चीत्कार केला आणि आम्ही निघालो. समोर रतनगड ढगांत डोके खुपसून बसला होता, डाव्या हाताच्या उतारावर सोनकीने पिवळाजर्द गालिचा अंथरला होता, उजवीकडे तुडुंब भरलेले पाणी होते. आणि भाच्याची दृष्टी मनगटावर खिळलेली होती, कारण ते घड्याळ त्याला त्याच्या हृदयाची खबर देत होते, आणि ती ऐकून हृदय अधिकच धडधडत होते, की लगेच घड्याळ त्याचीही खबर देत होते.

शहरात पळणाऱ्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही, कारण तेथे सगळेच कशाच्या ना कशाच्या मागे लागलेले असतात. डोंगरातील माणसाचा हिशेब वेगळा आहे. तेथे सज्ञान मनुष्य पळताना दिसला, की ती सार्वजनिक बाब होते, आणि तिची चौकशी करणे हे पाहणाऱ्याचे कर्तव्य ठरते. मुतखेलच्या अलीकडे एक वृद्ध गृहस्थ दोन गाई घेऊन उभे होते. त्यांनी भाच्याला हात करून विचारले, “काय झालं वो? कोन गेलं?”

भाचा धापा टाकीत म्हणाला, “कोणी नाही.”

“मंग आग लागली?”

“नाही.”

“मंग पळताय कामून? बिबट्या दिसला का काय?”

एव्हाना भाचा पुढे सरकला होता आणि कानांत बोंडे असल्यामुळे त्याला हा शेवटचा प्रश्न ऐकूही गेला नसावा. परंतु पळताना माणसाची मान आपोआप वरखाली हलते, आणि ती हालचाल म्हाताऱ्याने होकार म्हणून रुजू करून घेतली. मी मागून पोहोचेपर्यंत त्यांनी बंडीच्या खिशातून फोन काढला होता व ते कोणाला तरी मोठमोठ्याने वृत्तांत देत होते. मी खुलासा करण्याचा प्रयत्न केला, पण बिबट्या नसल्याची बातमी ऐकण्यात कोणालाच रस नसतो.

त्या वृद्धाच्या प्रश्नाने मात्र माझ्या पायांइतकाच माझ्या मनालाही घोर लावला. या डोंगरांनी पूर्वी थोर माणसांना पळताना पाहिलेले आहे. येथून जवळच्या देवगावचे राघोजी भांगरे इंग्रजांविरुद्ध उठले, सावकारांच्या वह्या त्यांनी जाळल्या, आणि पुढे १८४८ साली ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी होईपर्यंत याच कडेकपारींतून ते फौजेला हुलकावण्या देत राहिले. त्यांच्या मागे सरकारची पलटण असे. आमच्या मागे कोण होते? दोन गाई, आणि त्याही चरता चरता तिकडे आल्या होत्या.

मुतखेल मागे टाकल्यावर भाच्याच्या लक्षात आले, की आपण रस्त्यावरून पळत आहोत आणि हे रानवाटेच्या धर्मास सोडून आहे. तेव्हा तो डांबर सोडून भातखाचरांच्या बांधावर उतरला. ज्वालामुखीने ही भूमी थराथरांनी रचली असल्यामुळे ती काही पावले माणसाला अगदी सपाट व सौजन्यपूर्ण वागवते आणि मग पूर्वसूचना न देता एकदम भिंत होऊन उभी राहते. आणि त्या काळ्या दगडावर भाद्रपदात जे हिरवे शेवाळ धरते त्याच्यावर बारा हजारांच्या बुटाचे अथवा माझ्या कॅनव्हासचे काडीइतकेही वजन पडत नाही. दोघांनाही ते सारख्याच तत्परतेने खाली पाठविते. समोर उत्तरेला महाराष्ट्रातील सर्वांत उंच कळसूबाई, १६४६ मीटर. नवरात्रात आसपासच्या गावांतल्या बायाबापड्या तिच्या माथ्यावरच्या देवीला अनवाणी जाऊन येतात आणि संध्याकाळी घरी चूल पेटवितात, परंतु त्यांची नाडी मोजणारे कोणी नसल्यामुळे त्याला व्यायाम म्हणता येत नाही.

बांध हातभर रुंदीचा होता. भाचा एका टोकाने पळत निघाला आणि दुसऱ्या टोकाने डोक्यावर गवताचा भला मोठा भारा घेतलेली एक बाई येऊ लागली. अशा प्रसंगी कोणी बाजूला व्हायचे याविषयीचा कायदा अकोले तालुक्यात तरी निःसंदिग्ध आहे. बाई थांबली नाही, बोलली नाही, तिने भाऱ्याखालून फक्त एकदा पाहिले. आणि भाचा उजव्या पायाने सरळ खाचरात उतरला, तो थेट पोटरीपर्यंत. पाय त्याने ओढून काढला, पण बूट खालीच राहिला. चिखलाने त्या जागेवर तोंड मिटून घेतले आणि पाणी पुन्हा संथ झाले.

आता शेतधनी आला, त्याच्यामागून त्याचा आठ-नऊ वर्षांचा मुलगा आला. शेतधन्याने तुडवल्या गेलेल्या भाताकडे पाहिले, भाच्याच्या एका पायातील मोज्याकडे पाहिले, आणि रीतसर पंचनामा सुरू केला.

“कोन गावचे?”

“पुण्याचे.”

“इकडं काय काम?”

“काही काम नाही. पळायला आलो.”

“पुन्याहून? पळायला?” तो गृहस्थ क्षणभर विचारात पडला. “तिकडं जागा न्हाई का?”

नुकसानभरपाईची गोष्ट मी आपण होऊन काढली, तेव्हा ‘दोन चुडांचं काय घेऊन बसलाय’ म्हणून त्याने ती उडवून लावली. मुलाने दंडापर्यंत हात घालून तळ ढवळला आणि पचक्‌ असा आवाज होऊन बूट वर आला. तो उपडा करताच चिखलाबरोबर एक पुष्ट काळा खेकडा बाहेर पडला व नांग्या उगारून भाच्याच्या मोज्याच्या रोखाने चालू लागला. त्या पोराने अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत त्याची पाठ अशी काही धरली, की नांग्या हवेतच चावत राहिल्या. खेकडा त्याने पिशवीत टाकला, बूट भाच्याच्या हाती दिला, आणि मोठ्या आशेने विचारले, “दुसरा बूटबी घालता का आत?”

या प्रकरणात बराच वेळ गेला, आणि भाच्याला खरे दुःख झाले ते त्याचे. घड्याळाच्या लेखी खेकडा नव्हता, भारा नव्हता, पंचनामा नव्हता. होते ते एवढेच, की धावपटू एकाच ठिकाणी पुष्कळ काळ उभा होता. “माझी सरासरी गेली, मामा,” तो म्हणाला. सख्खे कोणी गेल्यावर काढतात तसा स्वर मी या प्रसंगी काढलेला बरा, असे वाटून मीही हळहळलो.

कोलटेंभ्याजवळ चार-पाच तरुण काठ्या, कुऱ्हाड आणि एक पत्र्याचा डबा घेऊन उलट दिशेने लगबगीने येताना भेटले. “मागं फिरू नका,” त्यांनी आम्हांस बजावले, “मुतखेलला बिबट्या निघालाय.” डबा कशाला, तर वाजवायला. त्यांनी आमच्या सुरक्षिततेविषयी इतकी कळकळ दाखविली, की आम्हीच त्या बिबट्याचे जन्मदाते आहोत हे सांगण्याचा धीर आम्हां दोघांपैकी कोणालाही झाला नाही.

रतनवाडीस आम्ही पोहोचलो तेव्हा ज्याला पळणे म्हणावे असे आमच्या चालण्यात काहीही शिल्लक नव्हते. गावातील अमृतेश्वराचे मंदिर शिलाहारांच्या काळचे मानतात, कोरीव काम इतके दाट की बोट ठेवण्याइतकीही जागा रिकामी सापडत नाही. पावसाळ्यात गाभाऱ्यात पाणी भरून पिंडी बुडून जाते. भाच्याने मंदिराकडे पाठ करून आपली छबी टिपली. तिच्यात भाच्याचा चेहरा, पाण्याची नळी आणि एका शिखराची किंचित किनार एवढे आले. मी मात्र देवालयापेक्षा शेजारच्या चहाच्या छपराकडे अधिक भक्तिभावाने वळलो. चहावाली बाई आधण ठेवता ठेवता दुसऱ्या गिऱ्हाइकाला सांगत होती:

“दोघं जीव घेऊन पळाले म्हनं पुन्याचे. त्यातला तरनाताठा सुटला. छत्रीवालं म्हातारं मागं राहिलं, त्याचं काही खरं न्हाई.”

“आरारा,” गिऱ्हाईक म्हणाले.

स्वतःच्या अंताची वार्ता चहाचा घोट घेत ऐकण्याचा योग फार थोड्यांच्या वाट्याला येतो. मी छत्री हळूच बाकाखाली सरकवली आणि आणखी एक कप सांगितला. बातमीची तपासणी करावयाला निघालो असतो, तर आमच्या पळण्याच्या वेगाने ती कधीच हाती लागली नसती. आमच्या आधी कोलटेंभे गाठून, काठ्या घेऊन, मुतखेलकडे वळून, शिवाय मला ठार करून ती रतनवाडीत आमची वाट पाहत बसली होती.

भाच्याच्या पोटऱ्यांत गोळे आले होते. उरलेली प्रदक्षिणा पळून करण्याविषयी तो अद्याप बोलत होता, परंतु बाकावरून उठत नव्हता. सुदैवाने एक जीप तेथे भरत होती. जीपवाल्याला घाटघरची माणसे, दोन पोती खत आणि एक करडू उतरवावयाचे होते, म्हणून तो आल्या वाटेने न फिरता तळ्याला पुढून वळसा घालून शेंडीला जाणार होता. आम्ही खताच्या पोत्यांवर स्थानापन्न झालो. साम्रदची सांदण दरी, घाटघरचा कोकणकडा, पांजऱ्याची खाचरे, सारे काही मी सावकाश डोळे भरून पाहिले. भाच्याने ते पाहिले नाही, कारण करडू त्याच्या पाण्याच्या नळीला तोंड लावून चोखत होते आणि त्याच्याकडून ती सोडवून घेण्यात त्याचा सारा मार्ग गेला.

शेंडीला उतरताच त्याच्या मनगटावरचे घड्याळ आनंदाने थरथरू लागले. ते बंद करावयाचे राहूनच गेले होते. जीप खड्ड्यांतून जी काही धावली तिचा वेग त्याने भाच्याच्या खाती जमा केला होता. आणि आमच्या सकाळच्या मंदगतीने जीपच्या गतीला असे काही सावरून घेतले होते, की एकूण सरासरी यंत्राला शंका यावी अशी न येता एखाद्या नामांकित धावपटूला शोभावी अशी आली होती. भंडारदऱ्याची प्रदक्षिणा आजवर ज्यांनी ज्यांनी घड्याळ बांधून केली, त्या सर्वांत आमचा भाचा पहिला आला होता. फोनवर धडाधड अभिनंदने येऊ लागली. सासूबाई उतरलेल्याने तर लिहिले, की हा उच्चांक मोडण्यासाठी तो पुढच्या महिन्यात जातीने येणार असून आजपासूनच साखर बंद करीत आहे.

भाडे घ्यावयाला थांबलेल्या जीपवाल्याने भाच्याचा चेहरा पाहून विचारले, “काय झालं, साहेब? वाईट बातमी का?”

“नाही,” भाचा चाचरत म्हणाला, “या तळ्याभोवती सगळ्यांत जोरात पळालेला माणूस मी आहे, असं दाखवतंय.”

जीपवाल्याने घड्याळात डोकावून पाहिले, सुटे पैसे मोजून परत केले आणि म्हणाला, “आज रस्ता लई खराब होता, दुसऱ्याच गिअरात आलो. पुढल्या टायमाला उन्हाळ्यात या, अजून जोरात पळवतो.”

ती नोंद खोडून टाकण्याचा विषय मी नंतर दोनदा काढून पाहिला. भाच्याचे म्हणणे, तो विचाराधीन आहे.